केस स्टडीच्या वहीत यंत्रमागाचा हिशेब

बी.कॉम.ला शिकणारा मुलगा एके दिवशी घरी येऊन सांगतो की अकाऊंट्सच्या सरांनी केस स्टडी दिली आहे आणि ती पंधरा दिवसांत लिहून द्यायची आहे. घरात दुकान असते, कुठे बेकरी असते, कुठे चार-दोन माग असतात. वडिलांनी आयुष्यभर हिशेब केलेला असतो, पण ‘केस’ म्हटले की त्यांना कोर्टाची आठवण होते. मुलगाही फार खोलात जात नाही. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची वही मिळते, तिच्यावरचे नाव बदलले की काम झाले. आता तर तेवढेही चालण्याची गरज राहिलेली नाही. मोबाईलवर प्रश्न टाकला की दोन मिनिटांत चार पाने तयार होतात.

मग तोंडी परीक्षेच्या दिवशी सर एकच प्रश्न विचारतात, “हा घसारा तू कशावर काढलास?” आणि मुलगा वहीकडे पाहत राहतो.

दहा-वीस गुणांसाठी एवढे कशाला, असे पालकांना वाटते. पण वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात जो थोडासा भाग आपल्या दुकानाशी, आपल्या कारखान्याशी थेट बोलतो, तो हाच आहे. सी.ए.च्या वाटेवर जाणाऱ्यांना तर तो टाळताच येणार नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाऊंटंट्सने २०२३ साली नवी शिक्षण योजना आणली. तिच्यानुसार मे २०२४ पासून इंटरमिजिएट आणि फायनलच्या पेपरांत ३० टक्के गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना आहेत, आणि त्यातले पुष्कळसे प्रश्न एखाद्या धंद्याची हकीकत देऊन तिच्यावर विचारलेले असतात. ज्याला हकीकत वाचून तिच्यातला हिशेब काढता येत नाही, तो तेथे अडतो.

ही पद्धत मूळची अमेरिकेतील. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झाले आणि १९२१ साली तेथे पहिली केस लिहिली गेली. ती एका बुटांच्या कारखान्याची होती. मालाला मागणी असताना कामगार सुटीच्या वेळेआधीच हात का थांबवतात, असा साधा प्रश्न तिच्यात होता. आपल्याकडे १९६१ साली अहमदाबादचे आय.आय.एम. हार्वर्डच्या मदतीने उभे राहिले आणि त्याच्याबरोबर ही पद्धतही आली. कायदा आणि वैद्यक शिकणारे जसे खरे खटले आणि खरे रोगी पाहून शिकतात, तसे व्यापार शिकणाऱ्यानेही खरा धंदा समोर ठेवून शिकावे, एवढाच तिचा अर्थ आहे.

आधी वाचा, मग कॅल्क्युलेटर

विद्यार्थ्यांची पहिली चूक अशी की केस हातात पडताच ते आकडे शोधतात आणि गुणोत्तरे काढत सुटतात. चालू गुणोत्तर, ढोबळ नफ्याचे प्रमाण, येण्यांची उलाढाल, सगळे काढून होते. पण कशासाठी काढले, हे विचारले तर सांगता येत नाही.

केस पहिल्यांदा वाचावी ती एखादी हकीकत वाचावी तशी, पेन हातात न घेता. दुसऱ्या वाचनात समासात तीन गोष्टी लिहाव्यात : निर्णय कोणाला घ्यायचा आहे, कधीपर्यंत घ्यायचा आहे, आणि त्याच्यापुढे कोणते मार्ग खुले आहेत. हे तिन्ही सापडले नाहीत तर पुन्हा वाचावे. आकड्यांकडे त्यानंतर वळावे. केस लिहिणारा मुद्दाम काही निरुपयोगी आकडे पेरून ठेवतो आणि काही लागणारे आकडे गाळतो, कारण बाजारातही असेच असते. जो आकडा नाही तो आपण धरून चालायचा असेल तर ‘असे गृहीत धरले आहे’ म्हणून स्पष्ट लिहावे आणि कारण द्यावे. गृहीतक लपवणाऱ्याचे गुण जातात. उघड मांडणाऱ्याचे सहसा जात नाहीत.

उदाहरणाशिवाय हे नुसते उपदेशासारखे वाटेल, म्हणून भिवंडीकडे वळू.

चोवीस मागांचा प्रश्न

आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने मंदीच्या दिवसांत आपले माग बंद ठेवले. व्यापारी देत असलेल्या मजुरीत खर्चही निघत नाही, असा त्याचा हिशेब होता. पुढच्या वर्षी त्याची मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला गेली आणि कॉलेजने केस स्टडी लिहायला सांगितली, तेव्हा तिने हाच प्रसंग घेतला. नाव-गाव झाकून आणि आकडे पूर्णांकात आणून तिची मांडणी येथे देत आहोत.

कारखान्यात २४ माग. सूत व्यापाऱ्याचे, विणणे कारखानदाराचे, आणि मजुरी मीटरवर. दोन पाळ्यांत महिन्याला ६०,००० मीटर कापड निघते. चांगल्या दिवसांत मजुरी मीटरला ६ रुपये, म्हणजे महिन्याचे ३,६०,००० रुपये. कारागिरांची मजुरी मीटरला २ रुपये ६० पैसे, वीज १ रुपया २० पैसे, सुटे भाग आणि तेल २० पैसे, मिळून ४ रुपये. याशिवाय महिन्याचे ठरलेले खर्च : जागेचे भाडे ४५,०००, फिटर आणि मुकादम ३०,०००, विमा व किरकोळ ५,०००, घसारा १०,०००. एकूण ९०,००० रुपये. ते ६०,००० मीटरवर वाटले की मीटरला दीड रुपया पडतो. म्हणजे कापड साडेपाच रुपयांना पडते आणि महिन्याला ३०,००० रुपये नफा राहतो.

मंदी आली. व्यापारी म्हणाला, दोन महिने मीटरला ४ रुपये ८० पैसेच देईन, परवडत नसेल तर सूत दुसऱ्याला देतो. वडिलांचा हिशेब सरळ होता. साडेपाचला पडणारे कापड चार रुपये ऐंशीला द्यायचे म्हणजे मीटरला ७० पैसे तोटा, ६०,००० मीटरवर महिन्याला ४२,००० रुपये. त्यापेक्षा कुलूप बरे.

मुलीने दुसरा प्रश्न विचारला. कुलूप लावल्यावर किती तोटा होतो? भाडे थांबत नाही. फिटर-मुकादमाला दोन महिन्यांसाठी काढून टाकले तर पुन्हा ते मिळत नाहीत. विम्याचा हप्ता थांबत नाही, यंत्र जुने व्हायचे थांबत नाही. म्हणजे माग बंद ठेवूनही महिन्याला ९०,००० रुपयांचा तोटा आहेच. माग चालू ठेवले तर प्रत्येक मीटरमागे ४ रुपये खर्चून ४ रुपये ८० पैसे येतात. हे वरचे ८० पैसे, म्हणजे महिन्याचे ४८,००० रुपये, त्या ९०,००० चा भार उचलायला मिळतात. पुस्तकात याला काँट्रिब्युशन म्हणतात. चालू ठेवून तोटा ४२,०००, बंद ठेवून ९०,०००.

येथे बहुतेक विद्यार्थी ‘म्हणून ऑर्डर घ्यावी’ असे लिहून वही मिटतात. या मुलीची वही चांगली ठरली, कारण ती येथे थांबली नाही.

तिने लिहिले की हा दर कायम राहिला तर धंदा टिकणार नाही. ६ रुपये दराने मीटरमागे २ रुपये सुटतात, म्हणून ४५,००० मीटरवर नफा-तोटा सारखा होतो. ४ रुपये ८० पैशांच्या दराने तोच बिंदू १,१२,५०० मीटरवर जातो, आणि कारखान्याची ताकदच ६०,००० मीटरची आहे. तेव्हा दोन महिन्यांपुरते ठीक. सहा महिन्यांचा प्रश्न आला तर भाडे आणि पगारसुद्धा टाळता येण्याजोगे खर्च होतात आणि सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

दुसरे, आणि माझ्या मते वहीतले सर्वांत मोलाचे पान, उधारीचे. व्यापारी ९० दिवसांनी पैसे देतो. कारागिराला मात्र मजुरी थांबवून चालत नाही आणि विजेचे बिलही वाट पाहत नाही. घसाऱ्याचे १०,००० रुपये खिशातून जात नाहीत, ते बाजूला ठेवले तरी चालू कारखान्याला महिन्याला ३,२०,००० रुपये रोख लागतात. दोन महिन्यांचे ६,४०,००० झाले आणि तोवर व्यापाऱ्याकडून एक पैसा आलेला नाही. बंद कारखान्याला दोन महिन्यांत १,६०,००० पुरतात. म्हणजे माग चालू ठेवण्यासाठी ४,८०,००० रुपये जास्त उभे करावे लागतात, आणि वाचतात किती? महिन्याला ४८,००० प्रमाणे ९६,०००. व्यापाऱ्याकडे एकूण येणे ५,७६,००० रुपये होईल. त्याचा सहावा हिस्सा जरी बुडाला तरी ते ९६,००० गेले. त्याहून जास्त बुडाले तर कुलूपच बरे होते, असे म्हणावे लागेल.

तेव्हा प्रश्न दराचा कमी आणि व्यापाऱ्याच्या पतीचा जास्त ठरला. त्याचे मागचे व्यवहार कसे आहेत? थोडी रक्कम आगाऊ मागता येईल का? लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पण त्या कायद्याचा आधार मागायचा तर कारखान्याची उद्यम नोंदणी हवी. वडिलांनी ती केलेली नव्हती. हे केस स्टडी लिहिताना घरात प्रथमच कळले.

शेवटची गोष्ट आकड्यांत न मावणारी. भिवंडीचे बरेच कारागीर उत्तर प्रदेश-बिहारकडचे. माग बंद झाले की ते गावी जातात आणि परत आले तरी त्याच कारखान्यात येतीलच असे नाही. त्या वर्षी दोन महिन्यांनी कुलूप उघडले तेव्हा चोवीस मागांना पुरतील इतके हात नव्हते. हा खर्च कोणत्याही खात्यावर पडलेला नाही, म्हणून मुलीने तो तक्त्यात घातला नाही. एका परिच्छेदात लिहिला. ते योग्यच केले.

याच केसमध्ये एक जुना सापळा आहे. वर्षाअखेरीस गोदामात ८ लाखांचे सूत पडलेले आहे. निम्मे विद्यार्थी ते ताळेबंदात शिल्लक माल म्हणून दाखवतात. सूत व्यापाऱ्याचे आहे. कारखानदार फक्त ते सांभाळतो आणि विणतो. त्याच्या ताळेबंदात ते येऊ शकत नाही, आणि त्याचे उत्पन्न म्हणजे कापडाची किंमत नव्हे, फक्त मजुरी. पण गोदामाला आग लागली तर? विमा कोणाचा, नुकसान कोणाचे? करारात काय लिहिले आहे, किंवा काही लिहिले तरी आहे का? भिवंडीत आगी किती लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. सरांनी हा प्रश्न तोंडी विचारला तर उत्तर तयार ठेवावे.

मोठ्या कंपनीची केस घ्यायची तर

ऑडिटच्या विषयात सत्यम कॉम्प्युटरची केस फार वेळा दिली जाते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. न मिळालेले ३७६ कोटींचे व्याज येणे दाखवले होते, १,२३० कोटींचे देणे दाखवलेच नव्हते आणि येणी ४९० कोटींनी फुगवलेली होती. बेरीज ७,१३६ कोटी.

यावर विद्यार्थी काय लिहितात? लोभ, नीतिमत्ता, वाघावर स्वार झाल्याची राजूंची कबुली. चार पाने त्यातच जातात. सगळे खरे आहे, पण ते वर्तमानपत्राचे काम झाले. हिशेबाच्या विद्यार्थ्याने पत्रातले आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. त्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखवले, खरे २,११२ कोटी. फरक ५८८. कामकाजाचा नफा ६४९ कोटी दाखवला, खरा ६१ कोटी. फरक पुन्हा ५८८. उत्पन्न जितके वाढवले तितकाच नफा वाढला, म्हणजे खोट्या विक्रीला खर्चाची जोड दिलीच नव्हती. मग दुहेरी नोंदीत जमेच्या समोर नावे कुठे गेले? रोख व बँकेत. त्या एका तिमाहीत खोटी शिल्लक ५८८ कोटींनी वाढली, असे पत्रच सांगते. नफ्याचे प्रमाण २४ टक्के दिसत होते, प्रत्यक्षात ते ३ टक्के होते. अकरावीत शिकलेला दुहेरी नोंदीचा नियम येथे अख्खी लबाडी उलगडून दाखवतो.

त्यानंतर प्रश्न येतो, ऑडिटरला हे कसे कळले असते? बँकेकडून शिल्लकेचे प्रमाणपत्र ऑडिटरने स्वतः, थेट मागवायचे असते. सत्यमच्या बाबतीत ही पत्रे कंपनीच्याच माणसांमार्फत जात-येत राहिली, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ साली नोंदवले. एवढी रोख खरोखर बँकेत असती तर तिच्यावर व्याज किती यायला हवे होते, हा ताळा तर बी.कॉम.चा विद्यार्थीही घालू शकतो. डिसेंबर २००८ मध्ये राजूंच्या कुटुंबाशी संबंधित मायटासच्या दोन कंपन्या १६० कोटी डॉलरना घेण्याचा घाट भागधारकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, हेही त्याच पत्रात आहे. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. हा कोर्टाचा इतिहास वहीत दोन ओळींत आटोपावा. जास्तीची पाने बँकेच्या प्रमाणपत्राला द्यावीत.

लिहिताना

वही कोणाला उद्देशून आहे ते ठरवून लिहावे. भिवंडीच्या केसमध्ये ती कारखानदाराला आहे, सत्यममध्ये ऑडिट करणाऱ्याला. कारखानदाराला कंपनीचा इतिहास नको असतो, माग चालू ठेवू की नको हे हवे असते. म्हणून आपला सल्ला पहिल्याच परिच्छेदात सांगावा, मग कारणे, मग तो सल्ला कोणत्या परिस्थितीत चुकेल ते. तक्ते शेवटी जोडावेत, पण त्यातला कळीचा आकडा मजकुरात आलाच पाहिजे. केसमधली हकीकत पुन्हा लिहून पाने भरू नयेत. सरांनी ती वाचलेली आहे.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीत लिहिण्याची धास्ती असते आणि नक्कल करण्याचे खरे कारण पुष्कळदा आळस नसून ही धास्तीच असते. त्यांनी आधी आपल्या भाषेत लिहावे, घरात मोठ्याने वाचून दाखवावे, कारखान्यातल्या माणसाला पटते का पाहावे, आणि मगच छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करावे. पंधरा दिवस असतील तर पहिले दहा समजण्यात गेले तरी हरकत नाही.

ज्यांना विषय स्वतः निवडण्याची मुभा आहे त्यांनी घरचा धंदा जरूर घ्यावा, पण वडिलांना आधी विचारून. हिशेबाची वही परक्याला दाखवायला कोणी तयार नसतो आणि त्यात गैर काही नाही. यावर उपाय सोपा आहे. सगळे रुपयांचे आकडे एकाच पटीने बदलावेत, समजा प्रत्येकाला १.४ ने गुणावे. खरी रक्कम कोणाला कळत नाही आणि नफ्याचे प्रमाण, येण्यांचे प्रमाण जसेच्या तसे राहते. एखादाच आकडा झाकला आणि बाकीचे तसेच ठेवले तर मात्र ताळेबंद जुळणार नाही.

घरचा धंदा घेतला की पहिली अडचण गल्ल्याची येते. रोज संध्याकाळी गल्ल्यातून भाजीला, फीला, पाहुण्यांना पैसे निघतात आणि ते कुठेच लिहिलेले नसतात. विद्यार्थ्याने महिनाभर एक छोटी वही गल्ल्याशेजारी ठेवावी आणि घरात गेलेला प्रत्येक रुपया उचल म्हणून लिहावा. एका किराणा दुकानदाराच्या मुलाने असे केले, तेव्हा दुकान तोट्यात आहे असे वर्षभर समजणाऱ्या वडिलांना दिसले की दुकानात नफा होता, तो गल्ल्यातूनच घरात जात होता. त्या मुलाच्या वहीला गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. गल्ल्याशेजारची छोटी वही मात्र त्या दुकानात अजून ठेवलेली आहे.